मधल्या डब्यांचा मान

पेणकरपाड्यातले आमचे शेजारी म्हात्रेकाका लग्नाचा ग्रुप फोटो काढायला लागले की वऱ्हाड उन्हात शिजायचं. बँडवाला, आचारी, मांडव बांधणारा, सगळे चौकटीत आल्याशिवाय काका बटण दाबत नसत. “वगळायचा कोणाला न्हाय,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गेल्या वर्षी काका गेले. त्यांनी काढलेल्या फोटोंत अजूनही नवरा-नवरी शोधावी लागते.

काही वर्षांपूर्वी काकांचा फोटो स्टुडिओ बंद झाल्यावर त्यांनी तिथला जुना कॉम्प्युटर घरी आणला. त्याला एकाच केबलवर ओळीने हार्ड डिस्कचे तीन डबे जोडलेले. शेवटच्या डब्यात काकूंच्या आईचा एकुलता एक फोटो होता. मूळ प्रत वाळवीने खाल्लेली. घरी जोडल्यापासून एकही डबा उघडेना. काकूंनी अबोला धरला, आणि काकांनी मला बोलावलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तोही दुसऱ्या वर्षाला, पण काका मला ‘इंजिनिअर’च म्हणायचे.

मी घाबरत, थोडं वाचून गेलो. तारेतून गेलेला सिग्नल मोकळ्या टोकावर आपटून मागे फिरतो आणि मागून येणाऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. म्हणून दोन्ही टोकांना तो जिरवणारा टर्मिनेटर लागतो. कॉम्प्युटरकडचं टोक ठीक होतं. प्रत्येक डब्याच्या मागे त्यासाठी एक खटका होता, आणि काकांनी तिन्ही चालू केले होते. त्यामुळे सिग्नल वाटेतच अर्धमेला होत होता. फक्त शेवटचा चालू ठेवायचा, असं मी सांगितलं.

“का? मधल्यांनी काय घोडं मारलंय?”

“काका, त्यांनी नुसतं पुढे जाऊ द्यायचंय.”

एकालाच मान दिला तर बाकीच्यांना काय वाटेल, ही त्यांची अडचण. शेवटी स्वयंपाकघरातून काकूच बोलल्या, “पोरा, आमच्या लग्नात यांनी दुसऱ्या मांडवातलं वऱ्हाडपण जेवायला बसवलं. माझ्या आईला लाडू उरला न्हाय. तू खटके बंद कर.”

काकांनी ते स्वतःच बंद केले, पंगतीतून कोणाला उठवावं तसे, ओशाळून. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. शेवटचा डबा घरघरला. फोटो वरून खाली हळूहळू उमटू लागला: आधी केस, मग कपाळ, मग रोखलेले डोळे.

डोळे दिसताच काका खुर्चीवरून उठले.

“बसा ओ,” काकू पदराने डोळे टिपत म्हणाल्या, “आता ती काय बोलत न्हाय.”

काका बसले नाहीत. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.