मुठीतला चिंचोका

किसनमामांचा फोन आला की मी तो कानापासून वीतभर लांब धरते. चाळीस वर्षं पिठाच्या गिरणीत उभा राहिलेला माणूस, त्यांना हळू बोलताच येत नाही. त्या सकाळी मात्र फोन कानाला घट्ट लावावा लागला. "सुमनबाई गेल्या गं," एवढंच ते म्हणाले. मी मेथी निवडत होते, ती तशीच राहिली. आता महिना होऊन गेला. बाईंबद्दल लिहायचं तर सुरुवात कुठून करायची, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आमच्या भांडणापासून.

कुंभार पिंपळगावच्या अलीकडं आमचं गाव. सुमनबाई तिथल्या अंगणवाडीच्या बाई आणि माझी लेक अश्विनी तेव्हा चार वर्षांची. घरात तिची टकळी दिवसभर चालायची, पण उंबरा ओलांडला की तोंडाला कुलूप. पाहुण्यांशी नाही, अंगणवाडीत नाही, कुणाशी म्हणजे कुणाशी बोलायची नाही. हिला शाळेत कोण घेणार, असं घरातच म्हणायला लागले होते. मला अन्न गोड लागत नव्हतं.

आणि बाई शिकवत काय होत्या, तर खेळ! त्यांच्याकडं एक जुना मिसळणाचा डबा होता, हळदीचे डाग तसेच असलेला. त्याच्या वाट्यांत मणी, बटणं, चिंचोके, भुईमुगाच्या शेंगा, लसणाच्या पाकळ्या. लेकरांनी डोळे मिटून वस्तू चाचपायची, नाव घ्यायचं, नावातला पहिला आवाज तोंडात घोळवायचा आणि त्या आवाजाच्या वाटीत वस्तू टाकायची. मणी, मिरची आणि माचिसची रिकामी डबी एका वाटीत. पाटीवर अक्षर यायचं ते पुष्कळ उशिरा, ओल्या बोटानं गिरवायला. घरी जाताना प्रत्येकाच्या मुठीत एक वस्तू द्यायच्या. वाटेत कुणी विचारलं, मुठीत काय आहे, तर फक्त पहिला आवाज सांगायचा, ओळखायचं मोठ्यांनी. सगळ्या गल्लीला त्याचा नाद लागला होता. एकदा एका किराणावाल्यानं कंटाळून एका पोराची मूठ स्वतःच उघडली, तर बाई त्याच्या दुकानात जाऊन त्याला चार गिऱ्हाइकांसमोर बोलल्या. लेकराची मूठ लेकरानंच उघडायची, हा त्यांचा कायदा होता.

अश्विनीही रोज मूठ आवळून यायची. कुणी विचारलं की खाली बघायची. दिवाळी गेली, होळी आली, पोरीच्या तोंडून एक आवाज नाही. शेवटी मी पदर खोचून भांडायला गेले. न बोलणाऱ्या लेकराला आवाजाचे खेळ कशाला, त्यापेक्षा वहीत चार अक्षरं काढून द्या, बाकीच्या आया हसतात मला... बरंच बोलले मी. बाई खाली बसून शेंगा निवडत होत्या. माझं संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग म्हणाल्या, "मूठ उघडून देत न्हाई ना ती कुणाला? मंग ती खेळूनच राह्यली. बोलंल. तुम्ही जल्दी करू नका." मी तणतणत घरी आले. खरं सांगते, माझा विश्वास बसला नव्हता.

त्यानंतर पंधरा दिवसांनी असेल, अंगणवाडीतून तिला घेऊन तशीच दळणाला गेले. गिरणी धडधडत होती. किसनमामांनी रोजच्यासारखं ओरडून विचारलं, आज काय आणलं? अश्विनीचे ओठ हलले. शेजारी उभी असून मला काही ऐकू आलं नाही. मामांनी मात्र झटकन बटण दाबून गिरणी बंद केली. ज्वारी निम्मी वर, निम्मी जात्यात. असं मध्येच थांबवलं की दाणे अडकतात आणि सगळं उपसावं लागतं, म्हणून मामा कुणासाठी गिरणी थांबवत नसत.

"परत म्हण, माय," ते म्हणाले.

"च."

"चप्पल?" तिनं मान हलवली. "च." "चहा?" "च." "चमचा?" तिला हसू फुटलं. तिनं स्वतःच मूठ उघडली. आत घामानं ओला झालेला चिंचोका होता. मी पिठाच्या डब्यांमध्ये बसून रडले, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

ती पोर आज जालन्याला वकिली करते. दिवसा बोलून पोट भरते आणि घरी आल्यावर माझं डोकं खाते. हा प्रसंग मी इतकी वर्षं सगळ्यांना मामांचं कौतुक म्हणूनच सांगत आले. बाईंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही दोघी गावी गेलो, तेव्हा विहाराच्या बाहेर मामांनाही तेच म्हणाले. ते उलट मलाच म्हणाले,

"माझं काय त्यात? बाई रोज यायच्या गिरणीत, दळण नसलं तरी. म्हणायच्या, त्या पोरीचे ओठ हलले की गिरणी बंद करा, दाणे अडकले तर अडकू द्या. अन् एकदम ओळखू नका, तीनदा चुका. तेवढ्या येळात बोलंल ती." मग आवाज जमेल तेवढा उतरवून म्हणाले, "किराणावाल्याला, शिलाईवाल्या काकूला, समद्यांला सांगून ठेवल्तं त्यांनी."

म्हणजे सगळी गल्ली माझ्या लेकीच्या एका आवाजासाठी कान लावून बसली होती, आणि मी बाईंशी भांडायला गेले होते. बाईंनी तेव्हा यातलं अक्षरही मला सांगितलं नाही. मला फार शरम वाटली. आणि आपलं मूल त्यांच्या हाताखालून गेलं, याचा अभिमानही तेवढाच वाटला.

अश्विनी शेजारीच उभी राहून ऐकत होती. ती तडक अंगणवाडीत गेली. बाईंच्या जागी आलेल्या ताई तोच डबा वापरतात. ती बाहेर आली तेव्हा तिची मूठ मिटलेली होती. वाटूरची गाडी पकडायला आम्ही गिरणीवरून निघालो. मामा तोवर कामाला लागले होते, दळण घेऊन चार बायका उभ्या होत्या. अश्विनीला बघून त्यांनी सवयीनं ओरडून विचारलं, आज काय आणलं?

तिनं तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज फुटेना.

मामांनी हात पुसला आणि गिरणी बंद केली. गहू वर तसेच राहिले. त्या चार बायकांनी आपले डबे खाली ठेवले. आम्ही सगळे थांबलो.