सिमीच्या देवदूताला वाहिलेली केरसुणी

देवाशी माझं जेमतेमच. दिवाळीत एकदा हात जोडले की वर्षभर सुट्टी. त्यात त्या वर्षी तर मी त्याच्यावर चिडलेलोच होतो. बायकोला सातवा महिना, रक्त जायचं थांबेना, म्हणून तिला ब्राउनश्वाइगच्या हॉस्पिटलात ठेवलेलं. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, बाळ जितकं आत राहील तितकं बरं. मी वोल्फ्सबुर्गहून रोज ऑफिस सुटलं की तिकडे गाडी हाकायचो आणि आतल्या आत तुटायचो.

लक्ष्मीपूजनाला तिचा फोन आला. "अरे, निदान केरसुणीला तरी हळदकुंकू वाहा. मी नाही म्हणून घरात काहीच करणार नाहीस का?" केरसुणी कुठली डोंबलाची! जर्मन दुकानातला लाल प्लॅस्टिकचा झाडू. तो टीपॉयवर ठेवून कुंकू लावतोय तोच बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या ग्रीक काकू माझ्यासाठी सूप घेऊन आल्या होत्या. झाडू दिसला आणि त्या दारातच थबकल्या. छातीवर क्रूस काढत म्हणाल्या, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आमच्यात ही लक्ष्मी मानतात," मी ओशाळून म्हटलं.

"गेनाऊ! अगदी असंच! आमच्या सिमीच्या मिखाएलला झाडूच वाहतात!"

मग त्या बोलतच राहिल्या. सिमी हे त्यांचं एवढंसं बेट. तिथले पुरुष पोटाशी दगड कवटाळून स्पंज काढायला समुद्राच्या तळाशी जायचे आणि बायका काठावर जीव मुठीत धरून बसायच्या. तुर्क आले, इटालियन आले, जर्मनसुद्धा आले. सगळे गेले, पण पानोर्मितीच्या मठातला देवदूत मिखाएल जागचा हलला नाही. लांब समुद्रात बाटलीत घालून सोडलेली प्रार्थनाही त्याच्या खाडीला लागते म्हणे. आणि त्याचा उत्सव नेमका त्याच आठवड्यात! काकू म्हणाल्या, "मागा त्याच्याकडे." मला मागताच येईना. एवढंच म्हणालो, बाबा रे, आता तूच बघ.

त्या आठवड्यात रक्त थांबलं. कधीकधी थांबतं असं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. असेलही. लेक पूर्ण दिवसांची झाली.

उन्हाळ्यात तिघं सिमीला गेलो. बोट बंदरात वळली आणि डोंगरभर पिवळी, गुलाबी, निळी घरं दिसली तशी बायको नुसती "अगं बाई!" म्हणत राहिली. बेटाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याला लागून पांढरा मठ आणि उंच घंटाघर. आत शिरलो तर समोर चांदीने मढवलेला मिखाएल, माणसाहून उंच. एका हातात तलवार आणि दुसऱ्या तळहातावर इवलासा जीव. तो म्हणे आत्मा असतो, काकूंनी नंतर सांगितलं. मला तेव्हा त्यात फक्त ते हॉस्पिटल दिसलं, आणि तिथे रोज आम्हाला वाटायचं की पोटातल्या लेकीला आम्हीच धरून ठेवलंय. धरून होता तो.

गुडघे आपोआप टेकले. घरून आणलेला तो कुंकवाचा लाल झाडू त्याच्या पायाशी ठेवला आणि लेकीला त्याच्यापुढे धरून म्हटलं, "ही तुझीच आहे, बाबा. सांभाळायला आमच्याकडे दिलीस, पुष्कळ झालं."