माहेरले जायेल शे

भाजीवाला विचारो की नातलग, शेजारच्या सुमनअक्का भाकरी थापता थापता एकच उत्तर द्यायच्या, "सून माहेरले जायेल शे." पुढे कोणी विचारत नसे.

ते निम्मं खरं होतं. सून रेखा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, साक्रीकडे माहेरी गेली होती. मुलांना ताप होता म्हणून एकटीच, दोन दिवसांसाठी. तिथे बांधावरून भाऊबंदांत मारामारी झाली, एक माणूस दगावला आणि फिर्यादीत रेखाचंही नाव आलं. ती धुळ्याच्या तुरुंगात गेली. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. पिंप्राळ्याच्या त्या दोन खोल्यांत उरल्या अक्का, सहा वर्षांची परी आणि तीन वर्षांचा गोलू.

गोलू अक्कांनाच आई म्हणू लागला. अक्का दर वेळी दचकायच्या. परी मात्र मला विचारायची, "काका, आई किती दिवसांनी येईल?" मी आकड्यांच्या बाबतीत काटेकोर. जामिनाची तारीख पाहून सांगितलं, वीस. जामीन फेटाळला गेला. एकविसाव्या दिवशी परी आमच्या दारात येऊन उभी राहिली आणि तशीच परत गेली. त्यानंतर तिने कधीच विचारलं नाही. त्याचाच मला जास्त घोर लागला.

"अक्का, तिला खरं सांगून टाका."

"शाळामा पोरे चिडावतीन तिले, भाऊ. थोडी मोठी होऊ द्या."

वर्ष फिरलं. आखाजीला पाच दिवस होते, आणि माझ्या बायकोची एरंडोलला, माहेरी जायची तयारी चालली होती. सकाळी तिच्या चपलांचे तिन्ही जोड गायब. दुपारी अक्कांनी दळणासाठी ज्वारीच्या कोठीत हात घातला, तर हाताला चप्पल लागली.

परी रडली नाही. म्हणाली, "आखाजीला माहेरी जातात त्या बाया परत येत नाहीत. काकूंना नका जाऊ देऊ."

अक्का कोठीला टेकून खालीच बसल्या. "हाई मीच शिकाडं तिले, भाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोलूला बायकोकडे ठेवून आम्ही तिघांनी धुळ्याची एसटी धरली. पारोळ्याला गाडी थांबली. अक्का परीचा हात धरून म्हणाल्या, "तुनी माय माहेरले नही शे. जेलमा शे. मी तुले खोटं सांगं."

भेटीला मध्ये जाळी होती. परीने ती ढकलून पाहिली. "आई, ही तुझ्या बाजूने उघडते?"

"नाही गं बाई."

"म्हणजे तू मुद्दाम नाही राहिलीस."

अक्कांनी पदर तोंडाला लावला.

घरी आल्यावर परीने चपला पुसून आणल्या. "जा काकू. पण किती दिवस, ते खरं सांगा." बायको म्हणाली, तीन. तिसऱ्या दिवशी ती परतली, तेव्हा परी आमच्या पायरीवर बसलेली होती.

त्यानंतर कोणी विचारलं की अक्का सांगायच्या, "सून धुळाले, जेलमा शे. कधी यीन, माहीत नही." लोक चपापायचे. अक्का भाकरी थापत राहायच्या.

गेल्या थंडीत अक्कांना दवाखान्यात न्यायला रिक्षा आली. परीने विचारलं, "आजी, किती दिवस?" मी तोंड उघडणार, तोच अक्कांनी माझ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली. परीला म्हणाल्या, "माहीत नही, बेटा."

अक्का परत आल्या नाहीत. रेखाचा खटला अजून चालू आहे. नवरा ट्रक सोडून गावातच रिक्षा चालवतो. तेराव्याला परी माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "काका, आजी मला खरं सांगून गेली."