माळवदावर चढलेलं गाव

घोडनदीच्या काठी, आमच्या शिवारात एक पांढरी होती. पांढरी म्हणजे कधीकाळी उठून गेलेल्या गावाचं टेकाड. वर बाभळी, खाली विटा आणि खापरं. तिथं बौद्ध विहार होता, म्हणजे ते आमच्याच पूर्वजांचं गाव, असं माझे वडील म्हणत. ते शाळामास्तर, एकदा म्हटलं की म्हटलं. आप्पा म्हणजे गावातले मोठे बागायतदार. ते म्हणत, तिथं त्यांच्या कुळदेवीचं देऊळ होतं. या वादापायी दोघांनी एकमेकांच्या घरचा चहा सोडला होता.

शेवटी वडिलांनी पत्रांवर पत्रं पाठवून पुण्याहून एक प्राध्यापक आणले. त्यांनी टेकाडावर चार खुंट्या ठोकल्या. "खालचा थर जुना, वरचा नवा," त्यांनी वडिलांना समजावलं, आणि मे महिन्यात खोदू म्हणून ते गेले.

आमची घरं माळवदाची, मातीच्या सपाट छपराची. पावसाळ्याआधी छपरावर पांढरीची माती टाकायची रीतच होती, कारण त्या मातीतून पाणी गळत नाही. त्या वर्षी पुण्याचे पाहुणे येणार म्हणून सगळ्यांनी जरा जास्तच टाकली. त्यात खुंट्यांमधली माती साहेबांनी स्वतः निवडलेली, म्हणजे उत्तमच असणार! वडील पेपर तपासायला पुण्याला गेले होते. आईनं वीस पाट्या आणल्या.

प्राध्यापक आले तेव्हा मधे पुरुषभर खड्डा होता. खुंट्यांना मात्र कुणी हात लावला नव्हता.

"माती कुठे गेली?"

"वर हाय," म्हणत आप्पांनी घरांकडं बोट दाखवलं.

बिचारे शिडी लावून आमच्या छपरावर चढले, मग आप्पांच्या. दोन्हीकडं सारखीच खापरं निघाली. वडिलांनी घसा खाकरून विचारलं, "सर, ही माणसं आमची होती का?"

"थर जागेवर असते, तर कदाचित सांगता आलं असतं."

वडील दोन दिवस नीट जेवले नाहीत. मला त्यांची फार दया आली; आईकडं बघितलं की हसूही यायचं.

काही वर्षांनी घरावर स्लॅब टाकायचा ठरला. वडिलांनी छपराची माती हातगाडीत भरली आणि परत पांढरीवर नेली. गाडी मी ढकलत होते. तिथं आप्पांचा ट्रॅक्टर आधीच उभा, ट्रॉलीत त्यांच्या छपराची माती.

"मास्तर, तुमची तिकडं टाका. आमची हिकडं."

दोघांनी खड्ड्याला एक फेरी मारली. खड्डा एकच होता.

"बरं, तुमी म्होरं आलाय, तुमीच टाका," वडील म्हणाले.

"न्हाई, न्हाई. मास्तर हाय तुमी. मान तुमचा. तुमची आधी."

वडिलांनी आणखी आढेवेढे घेतले नाहीत. घाईघाईनं गाडी रिकामी केली. वरून आप्पांची ट्रॉली पडली. खालचा थर जुना, हे वडिलांनी आप्पांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.