'एग्रीजिअस'चं माहेर

मैत्रिणींनो, आज सकाळी येडशीच्या आमच्या घरात राजीनामा लिहिणं चाललं होतं.

सून पूजा घरूनच पुण्याच्या कंपनीचं काम करते. तिच्या हातून एका ग्राहकाचं उत्तर दुसऱ्यालाच गेलं. साहेबांनी मेलमध्ये त्या चुकीला 'एग्रीजिअस' म्हटलं, म्हणजे अक्षम्य. बिचारी रडत होती.

मला शाळेतल्या सिस्टर आठवल्या. त्या आम्हाला शब्दांची माहेरं सांगायच्या. मी म्हटलं, "पूजा, ह्याचं माहेर लॅटिन. मूळ अर्थ कळपातून उठून दिसणारा. आधी हे कौतुक होतं गं! लोक टोमण्यात वापरू लागले आणि शब्द बिघडला."

माझ्या सासूबाई मेंढपाळाच्या घरातल्या. लसूण सोलत म्हणाल्या, "जी मेंढी कळप सोडून म्होरं चालती, तिच्याच गळ्यात आमी घंटा बांधायचो. बाकीच्या तिच्यामागं जायच्या. अगं, रडती कशाला? चुकलंय ते नीट कर की!"

पूजा खुदकन हसली आणि राजीनामा पुसून टाकला.

आता ती आत चूक निस्तरतेय. सासूबाई दारातच बसल्यात, मलासुद्धा आत सोडत नाहीत. "तिला काम करू दे," म्हणतात.

तुम्हाला लागलेला एखादा शब्द असा उकलून पाहिलाय का कधी?