वडिलांच्या घरी राहणारी

भावाचे लग्न झाले त्या वर्षी, नव्वदचे दशक सरताना, आमच्या रत्नागिरीच्या घरी कुलदेवीचे बोडण भरायचे ठरले. चार सवाष्णी आणि एक कुमारिका लाकडी काथवटीभोवती बसून पुरण, दूध, दही, तूप हातांनी कालवतात. कुमारिका मागेल ते तीत घालत राहायचे, ती पुरे म्हणेपर्यंत. मी तेव्हा चौतीस वर्षांची, संस्कृत घेऊन एम. ए. झालेली, अविवाहित. म्हणजे या पाच जणींत माझी गणना होत नव्हती.

वहिनीला घरात येऊन दीड महिना झाला होता, आणि आईच्या शेजारची जागा तिची ठरूनही गेली होती. मला ती जागा हवी होती. हे लिहायला मला इतकी वर्षे लागली.

आदल्या आठवड्यात मी ग्रंथालयात कोश उघडला. ‘सवाष्ण’ हा शब्द ‘सुवासिनी’वरून आला, एवढे मला ठाऊक होते. पण सुवासिनीचा पहिला अर्थ दिला होता तो असा : वडिलांच्या घरी राहणारी स्त्री, मग ती विवाहित असो वा अविवाहित. पती हयात असलेली, हा अर्थ त्याच्याखाली होता. मी दोन्ही उतरवून घेतले.

बोडणाच्या सकाळी देवरूखहून मावशीचा फोन आला. तिला ताप भरला होता. चौथी सवाष्ण उणी पडली. सारा धीर एकवटून मी आईला तो अर्थ सांगितला. पुरण वाटता वाटता काकू म्हणाली,

“अगो, मग त्या कोशालाच बसव पाटावर. कुंकू लावत्ये मी त्याला.”

सगळ्या हसल्या. वहिनीही हसली आणि लगेच तिने ओठ आवळले. ते मला अधिक लागले. शेजारच्या वकिलीणबाईंना बोलावणे गेले. माझ्या हाती दुधाचा गडू आला.

कुमारिका वकिलीणबाईंची आठ वर्षांची नात होती.

“आणखी काय हवं?” मी विचारले.

“दूध!”

मी ओतले, वहिनीच्या हिरव्या चुड्यावरून, मुद्दाम.

“वन्सं, बाही भिजली हो माझी.”

“आणखी दूध!” मुलगी खिदळली. पुरे म्हणण्याचा अधिकार तिचा एकटीचा होता, आणि ती मागतच राहिली. मीही तिथेच ओतत राहिले.

संध्याकाळी भावाने वहिनीला विचारले, नवा शालू कशाने खराब झाला? ती म्हणाली, “माझाच हात हलला.”

तिच्या त्या चांगुलपणाचाही मला हेवा वाटला.