दम राखणारा गडी

अमेरिकेत पीएच.डी. करताना मी ज्या बाईच्या घरी खोली घेऊन राहिले होते, तिचं पार्सल बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटवर आलं, तेव्हा मला वाटलं फ्रूटकेकच असणार. तो ती दर नाताळात पाठवायची, आणि आम्ही दर नाताळात शेजाऱ्यांना वाटून टाकायचो. या खेपेला निघाल्या दोन व्हिडिओ टेपा. सोबतच्या चिठ्ठीत एकच मागणं होतं: माझ्या मुलाचा खेळ नीट बघ आणि त्याने यंदाच जावं की थांबावं, ते मला सांग.

हा मुलगा मी तिथे राहत होते तेव्हा शाळेत होता. माझी बटाट्याची भाजी फ्रिजमधून चोरून खायचा आणि वर तिखट लागली म्हणून माझ्याकडेच पाणी मागायचा. आता तो कॉलेजच्या संघातून अमेरिकन फुटबॉल खेळत होता. त्याचं काम सांगायला सोपं होतं. समोरच्या संघात एकजण चेंडू फेकायला मागे उभा असतो, त्याच्यापुढे धिप्पाड गड्यांची भिंत असते. त्या भिंतीला वळसा घालून, चेंडू हातातून सुटायच्या आत त्या फेकणाऱ्याला आडवं करायचं. तिथे दर वसंतात व्यावसायिक संघ आळीपाळीने कॉलेजातली पोरं निवडून घेतात. याचं कॉलेजचं एक वर्ष उरलं होतं. निवडीसाठी नाव दिलं की कॉलेजच्या संघाचं दार बंद, आणि वर कुणी घेतलंच नाही तर ना घरका ना घाटका.

मला विचारण्याचं कारण म्हणजे मी माणसाच्या चालीवर संशोधन करत होते. पण कुणाच्या चालीवर? खुब्याचं हाड मोडून बरे झालेल्या म्हाताऱ्यांच्या! हौगांगहून मुलांचा हात धरून आमच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या आज्या मी दिवसभर बघायची. मी या राक्षसांच्या झुंजीबद्दल काय बोलणार, असं म्हणून मी चिडचिड केली. नाही म्हणणं मात्र शक्य नव्हतं. माझे वडील गेले तेव्हा बर्फामुळे विमानं बंद होती आणि मला घरी जाता आलं नाही. ती बाई रात्रभर माझ्या खोलीत खुर्ची टाकून बसली, आणि दुसऱ्या दिवशी मला विचारून विचारून तिने वरणभात शिजवला. वरणात साखर जरा जास्तच पडली होती. तसं वरण मी पुन्हा कधी खाल्लं नाही.

तेव्हा रविवारी टेप लावली. आमचा व्हीसीआर कुठल्याही देशाची टेप चालवायचा. बोटीवर इंजिनियर असलेल्या माणसाच्या घरी तेवढं एक सुख असतंच. नवऱ्याची ती बोटीची नोकरी आता सुटली होती आणि तो इथेच जहाजदुरुस्तीच्या कामावर होता. तरुणपणी तो जिल्ह्याकडून कबड्डी खेळला होता. ते त्याच्या अंगातून गेलं नव्हतं आणि जाणारही नव्हतं.

"अगं, ही तर चढाई आहे!" पाच मिनिटांतच तो सोफ्यावरून खाली जमिनीवर आला. "बघ, बघ, हुलकावणी बघ! खांदा इकडे, पाय तिकडे."

"अरे, तो खेळ वेगळा आहे."

"खेळ वेगळा असेल, गडी तोच आहे."

त्यानंतर फेकणाऱ्याच्या अंगाला त्या मुलाचा नुसता हात घासला, तरी नवरा "टिपला!" म्हणून ओरडायचा. तिथे टिपून काही मिळत नाही, माणूस पाडावा लागतो, हे मी दोनदा सांगितलं. मुलगी इथल्या पोरांच्या ढंगात "बोरिंग लाह" म्हणून आतल्या खोलीत निघून गेली.

नवऱ्याला सगळ्यात जास्त आवडलं ते भलतंच. अधूनमधून चेंडू लांब निसटला की तो मुलगा दोन पावलं टाकून चक्क सोडून द्यायचा. बाकीचे ऊर फुटेस्तोवर धावत असायचे, हा मात्र मैदानाच्या मधेच सावकाश चालायला लागायचा. आईच्या चिठ्ठीत होतं की संघांची माणसं येऊन बघून गेली आणि नेमक्या याच गोष्टीला नाक मुरडून गेली. आळशी आहे म्हणाली.

"आळशी? त्यांना काय कळतंय!" नवरा भडकलाच. "गडी मिळत नाही हे दिसल्यावर दम राखून मध्यरेषेला परत यायचं, यालाच डोकं लागतं. सगळ्या चढायांत जीव तोडणारा मूर्ख असतो. हा पोरगा दम राखतोय. तिला लिही, हुशार आहे, खुशाल जाऊ दे."

या खेळात परत यायला मध्यरेषा नाही आणि राखायला दमही नाही, हे त्याच्या गावीही नव्हतं. कबड्डी खेळलेल्या माणसाला ते सोडून देणं शहाणपणाचंच वाटणार. मला हसू आलं. पण त्याचं एक वाक्य डोक्यातून जाईना. दम राखतोय, तर कधी राखतोय? कुणीही राखायचाच झाला तर दमल्यावर राखेल. हा तर खेळ नुकता सुरू झालेला असतानाही सोडून देत होता.

मग आठवडाभर, नवरा कामावर गेला आणि मुलगी शाळेत गेली की मी टेप मागेपुढे करत बसले. म्हाताऱ्यांकडून मी एक गोष्ट शिकले होते. दुखणं लपवणारं माणूस लंगडत नाही. ते फक्त दुखऱ्या पायावर उभं राहण्याचा वेळ चोरतं, आणि लेकीसुनांसमोर जास्तच चोरतं. इथे तसंच होतं. चेंडू त्याच्या डावीकडे गेला की हा वाऱ्यासारखा सुटायचा. उजवीकडे गेला की डावा पाय रोवून वळावं लागायचं, आणि तो पाय जमिनीला टेकतो न टेकतो तोच उचलला जायचा. तो सोडून देत होता तो तिथेच. आळस नव्हता आणि हुशारी तर नव्हतीच. त्याचा डावा गुडघा दुखत होता.

एवढा अजस्र देह, आणि तो आमच्या आज्यांसारखा चोरून पाऊल टाकत होता.

पुढच्या रविवारी सकाळी फोन लावला. तिच्याकडे शनिवारची संध्याकाळ होती. मी आडवळण घेतलंच नाही. "त्याचा डावा गुडघा दुखतोय. यंदा पाठवू नका. आधी डॉक्टरला दाखवा."

"दाखवलाय," ती म्हणाली. "मागच्याच वर्षी. लांबच्या गावी जाऊन."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी त्याची आई आहे. डॉक्टर म्हणाले, फार दिवस टिकणार नाही. म्हणून तर यंदा. पुढच्या वर्षी त्याला कोण विचारणार आहे?"

"मग मला काय विचारलंत?"

"टेपवर दिसतं का, ते विचारलं."

मला राग आला, चांगलाच आला. आठवडाभर मी तिच्या मुलासाठी जीव आटवत होते, आणि ती माझ्या डोळ्यांची चाचणी घेत होती. मी म्हटलं, संघांचे डॉक्टर तपासतीलच की.

"निवडीआधी बोलावलं तर तपासतील. टेप बघून आळशी म्हणाले तर म्हणोत, आळस घालवता येतो असं त्यांना वाटतं. गुडघा म्हणाले तर त्याच दिवशी सगळं संपलं. तो लहानपणापासून दुसरं काही करायला शिकलेलाच नाही." मग म्हणाली, "तुला दिसलं, तुझा तो धंदाच आहे. तुझ्या नवऱ्याला दिसलं का? खरं सांग. तू माझ्याशी कधी खोटं बोलली नाहीस."

नवरा समोरच, खुर्ची मधे ठेवून, मुलीला हुलकावणी कशी देतात ते शिकवत होता.

"नाही," मी म्हटलं. "त्याला वाटतं, मुलगा हुशार आहे. दम राखतो."

तिने ते मला पुन्हा म्हणायला लावलं. मग हसली, खूप वेळ हसली, आणि हसता हसता ते हसणं राहिलं नाही. शेवटी म्हणाली, "त्यालासुद्धा सांगू नकोस." ते मी तसंही सांगणार नव्हते. आमच्या घरधन्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

त्या वसंतात त्या मुलाला एका संघाने घेतलं. अगदी शेवटी शेवटी का होईना, घेतलं. नवरा सेरंगून रोडवरून जिलबी घेऊन आला आणि ओळखीच्या सगळ्यांना फोन करून सांगत सुटला की आपण टेप बघूनच ओळखलं होतं. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. त्या बाईचा आवाज ऐकून कुणालाही झाला असता. पण माझ्या वाट्याची जिलबी मी मुलीच्या ताटलीत सरकवली.

"तुझं काय मत होतं गं?" त्याने विचारलं. "तू तर आठवडाभर त्या टेपा बघत होतीस."

"मी नुसते पाय बघत होते," मी म्हटलं.